नवीन घर, रिअल्टरने दिलेली सेजची जुडी आणि येऊ घातलेली आई

नवखी_घरमालकीण (१२ सप्टेंबर)

मंडळी नमस्कार, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही सॅन डिएगोला नऊ वर्षं भाड्याच्या घरात काढून आत्ता कुठे ऑगस्टमध्ये स्वतःचं घर घेतलं. जुनं आहे, एकमजली, मागे उतार आणि उतारावर वाळकी झुडपं. सह्या करायच्या कागदांच्या गठ्ठ्यात एक कागद असा होता की मूळ मालक आजोबा गेल्या वर्षी याच घरात, मास्टर बेडरूममध्ये वारले. इथे कॅलिफोर्नियात कायदाच आहे, गेल्या तीन वर्षांत घरात कुणी गेलं असेल तर विकणाऱ्याला ते सांगावं लागतं. आम्ही दोघांनी मनावर घेतलं नाही, म्हातारं माणूस स्वतःच्या घरात स्वतःच्या पलंगावर गेलं, सोनं झालं की.

पण नवऱ्याने हे फोनवर माझ्या आईला सांगितलं!! (का सांगितलं हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.) आई ऑक्टोबरमध्ये सांगलीहून येतेय आणि तिने आधीच जाहीर केलंय की वास्तुशांत झाल्याशिवाय ती त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. गुरुजींना फोन केला तर नोव्हेंबरशिवाय तारीख नाही.

तर आता मुद्दा. रिअल्टरने (घराच्या एजंटने) किल्ल्यांबरोबर एक बास्केट दिली होती त्यात वाईन, मेणबत्ती आणि व्हाइट सेज नावाच्या झुडपाच्या वाळक्या पानांची जुडी, सोबत एक शिंपला, एक पक्ष्याचं पीस आणि एक चिठ्ठी, की जुडी पेटवा, विझवा, आणि तो धूर घरभर फिरवा म्हणजे जुनी एनर्जी निघून जाते. कुणी केलंय का हे? वास्तुशांतीच्या आधी केलं तर चालतं का? आणि आमच्याकडे साधी मिरचीची फोडणी टाकली तरी अलार्म बोंबलतो त्याचं काय करायचं?

ऊर्जस्विनी (१२ सप्टेंबर)

अभिनंदन गं! नक्की कर, मी दर अमावास्येला करते, आमच्याकडे ठाण्यात ऑनलाइन मिळते जुडी, थोडी महाग पडते पण फरक जाणवतो. सगळ्या खिडक्या उघड, मुख्य दारापासून सुरू कर आणि कोपऱ्यांत जास्त वेळ थांब कारण निगेटिव्ह एनर्जी कोपऱ्यात साठते. आणि हे नुसतं श्रद्धेचं नाही, सेजच्या धुराने हवेतले ९४ टक्के जंतू मरतात हे सायन्सने सिद्ध केलेलं आहे.

ठोंब्या (१२ सप्टेंबर)

कोपऱ्यात साठते ती जळमटं. झाडू मारा, स्वस्तात काम होईल. (दिवे घ्या.)

आज्जीबाई_जोरात (१२ सप्टेंबर)

नवखे, आधी घराबद्दल अभिनंदन. अगं तुझ्याकडे ऊद नाही का? तांबडा निखारा, त्यावर ऊद, थोडी राळ, चिमूटभर गुग्गुळ, धुपाटणं घेऊन तिन्हीसांजेला घरभर फिरायचं, झालं. माझी सासू बाळंतिणीच्या खोलीत ओवा, बाळंतशेपा, वावडिंग आणि लसणाची सालं टाकून धुरी द्यायची, बाजेखाली शेगडी असायची, माझे डोळे चुरचुरून पाणी यायचं पण पोराचं सर्दीपडसं म्हणे आटोक्यात राहायचं. आपल्या घरात एवढं असताना तिकडचं गवत कशाला जाळायचं?

ठोंब्या (१३ सप्टेंबर)

आज्जी, तान्ह्या बाळाच्या खोलीत धूर नको हो, आजकालचे डॉक्टर ओरडतात आणि बरोबर ओरडतात.

ऊर्जस्विनी, त्या ९४ टक्क्यांचं काल रात्री जरा खणून काढलं. हा पेपर आहे २००७ चा, लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या लोकांचा. त्यांनी बंद खोलीत तासभर धूर केला आणि हवेतले जिवाणू मोजले, ते ९४ टक्क्यांहून जास्त कमी झाले, इथपर्यंत खरं. पण जाळलं काय होतं माहितेय? हवनसामग्री! समिधा आणि औषधी वनस्पतींचं मिश्रण. व्हाइट सेजचा त्यात काही संबंधच नाही. अमेरिकेतल्या जुड्या विकणाऱ्या वेबसाइटींनी आपल्या होमाचा आकडा उचलून सेजला चिकटवला आणि तो आता ठाण्याला परत आला. काखेत कळसा नि अमेरिकेला वळसा.

ऊर्जस्विनी (१३ सप्टेंबर)

म्हणजे आपलं हवनच श्रेष्ठ हेच सिद्ध झालं की नाही?

ठोंब्या (१३ सप्टेंबर)

नाही, बंद खोलीत धूर कोंडला की जिवाणू कमी होतात एवढं झालं. माणसाला त्याचा फायदा झाला असं त्यात कुठेही नाही. कुठल्याही धुरात बारीक कण असतातच, तेच पीएम २.५ ज्याच्या नावाने आपण दिल्लीला शिव्या घालतो. दमेकरी, लहान मुलं, पिंजऱ्यातले पोपट या सगळ्यांना ते बाधतात, मग ते सेजचे असोत नाहीतर समिधांचे.

भुंगेरा (१३ सप्टेंबर)

मी रिव्हरसाइडला राहतो, सॅन डिएगोपासून दीड-दोन तास, आणि सात-आठ वर्षं इथल्या स्थानिक झाडांच्या नादाला लागलोय, त्यामुळे हा प्रतिसाद लांबणार, चहा घेऊन बसा.

व्हाइट सेज म्हणजे साल्व्हिया एपियाना. जगात दुसरीकडे कुठेही रानात उगवत नाही, फक्त दक्षिण कॅलिफोर्निया आणि सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाचा उत्तर भाग. कुळ आपल्या तुळशी-पुदिन्याचं. पानं पांढुरकी, हात लावला तर चिकट, चुरडली तर निलगिरीसारखा वास. एपियाना म्हणजे मधमाश्यांची, पण खरी गंमत अशी की फुलाचा खालचा ओठ असा वळलेला असतो की चिंगळी माशी बसली तर काही होत नाही, चांगला जाडजूड भुंगा बसला की तो ओठ खाली दबतो आणि परागाचा दांडा त्याच्या अंगावर येतो. माझा आयडी तिथूनच आलाय.

आता नवखी तुम्ही राहता ती जमीन कुमेयाय लोकांची. त्यांच्याकडे, आमच्या बाजूच्या कहुइया लोकांकडे, वरच्या अंगाला टोंग्वा, चुमाश, या सगळ्यांकडे ही वनस्पती म्हणजे नुसतं धुपाचं सामान नाही. बिया भाजून दळून पीठ करून खायचे, सर्दीला पानं, केस धुवायला पानं, घाम येऊ नये म्हणूनही. धूर करायचा तर एखाद-दुसरं पान, ते तोडतानाही झाडाला सांगून. ही दोऱ्याने आवळलेली मूठभर जाडीची जुडी हे मुख्यतः दुकानाचं प्रकरण. तिकडे मैदानी प्रदेशातल्या जमाती धूर करतात त्यांचं सेज हे झाडच वेगळं, ते आर्टेमिसिया. न्यू एजवाल्यांनी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत एकाची पद्धत, दुसऱ्याचं झाड आणि तिसऱ्याचा शिंपला एका बास्केटमध्ये भरला. म्हणजे कसं, तर अय्यप्पाची इरुमुडी, वारकऱ्याची वीणा आणि खंडोबाचा भंडारा एकत्र पॅक करून 'इंडियन पीस किट' म्हणून विकावं.

राग येण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे १८८३ मध्ये अमेरिकन सरकारने या लोकांच्या विधींवर, नाचांवर, वैदूंवर बंदी घातली होती, शिधा बंद करायचे, कोंडून ठेवायचे. त्यांच्या धर्माला संरक्षण देणारा कायदा झाला १९७८ ला. म्हणजे ज्यांच्या आजीला पान जाळल्याबद्दल शिक्षा होऊ शकत होती त्यांची नातवंडं आता तेच पान योगा स्टुडिओच्या काउंटरवर प्लास्टिकात बघतात.

आणि हे येतं कुठून? बरंच चोरून. इथे रँचो कुकामोंगाजवळ नॉर्थ एटिवांडा नावाचं राखीव क्षेत्र आहे, २०१८ च्या जूनमध्ये तिथे चार जणांना पकडलं, त्यांच्याकडे चारशे पाउंड पाला होता, म्हणजे १८० किलो. मी त्या भागात फिरलोय, मुळासकट उपटलेली झुडपं बघून पोटात कालवतं. त्यात इथले वणवे आणि नवीन कॉलन्या. लेबलवर 'एथिकली' वगैरे लिहितात त्याचा अर्थ काहीही असू शकतो.

पावटा (१३ सप्टेंबर)

भुंगेरा, जबरी प्रतिसाद, पण अमेरिकनांना नावं ठेवताना आज्जींच्या त्या चिमूटभर गुग्गुळाकडेही बघा की. गुग्गुळाचं झाड कच्छ-राजस्थानकडचं, संकटातल्या जीवजातींच्या रेड लिस्टमध्ये अतिसंकटग्रस्त आहे. डिंक जास्त मिळावा म्हणून खोडाला खोल खाचा मारतात, वर रसायन लावतात, एका हंगामात जास्त डिंक आणि पुढच्या वर्षी झाड वाळून काष्ठ. आपण देवापुढे जाळतो म्हणून ते पुण्य होत नाही. आणि हल्ली इन्स्टावर ते पालो सांतोचं लाकूड दिसतं ना, पेरू-इक्वाडोरचं, ते गुग्गुळाचंच भाऊबंद, एकाच कुळातलं. आपल्या सातपुड्यातला सालईसुद्धा त्याच कुळातला.

आज्जीबाई_जोरात (१४ सप्टेंबर)

अगो बाई, हे नव्हतं माहीत. माझी गुग्गुळाची पुडी वीस वर्षांपूर्वीची आहे, ती पुरवीन. कापूर तरी जाळू का, की त्याचंही काही निघतंय?

पावटा (१४ सप्टेंबर)

आज्जी, साधा कापूर बहुतेक कारखान्यातला असतो, टर्पेंटाइनपासून करतात, झाड मरत नाही. फक्त नातवंडांच्या हाताला लागू देऊ नका, पोटात गेला तर विषारी.

म्युनिककर (१४ सप्टेंबर)

आमच्याकडे बव्हेरियात हाच प्रकार नाताळ ते ६ जानेवारीच्या मधल्या बारा रात्रींना. माझी घरमालकीण ऐंशीच्या पुढची आहे, ती लोखंडी तव्यात निखारे घेते, त्यावर चर्चमधला धूप, आणि गोठा विकून पंधरा वर्षं झाली तरी आधी गोठ्यात जाते मग घरात. सहा तारखेला मुलं येऊन दारावर खडूने वर्षाचा आकडा आणि सी एम बी लिहून जातात. पहिल्या वर्षी मी घाबरून नवऱ्याला म्हटलं काहीतरी जादूटोणा दिसतोय, तर ते तीन राजांच्या सणाचं शुभ निघालं. तेव्हा ज्याचा त्याचा धूर.

दादरची_खिडकी (१४ सप्टेंबर)

+१. आमच्या लहानपणी शेजारच्या पारशी काकी संध्याकाळी लोबान फिरवायच्या, डोक्याला रुमाल बांधून, चांदीच्या भांड्यात निखारे, त्यावर सुखडचे तुकडे. जिन्यातून आमच्या दारापर्यंत यायच्या आणि 'तमारा घरमां पण' म्हणून उंबऱ्याशी जरा थांबायच्या. आईने त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही, उलट त्या आल्या की दार पूर्ण उघडायची. आजही कुठे लोबानाचा वास आला की मला सातची वेळ झाल्यासारखी वाटते आणि अभ्यासाला बसावंसं वाटतं.

नवखी_घरमालकीण (१४ सप्टेंबर)

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्यवाद, भुंगेरा तुमचा प्रतिसाद नवऱ्यालाही वाचून दाखवला. खरं सांगायचं तर आता ती जुडी बघितली की चोरीचा माल घरात ठेवल्यासारखं वाटतंय. जाळायची नाही हे ठरलं. पण फेकायची कशी? आणि आईचं काय?

अलार्मचं कुणी सांगितलंच नाही :(

कॅलिफोर्नियाचा_कांदा (१४ सप्टेंबर)

अलार्मवर शॉवर कॅप घालतात काही जण. तुम्ही घालू नका. आम्ही सत्यनारायणाला घातली आणि काढायला विसरलो, ती चार महिन्यांनी रंगकाम करणाऱ्याने काढली. अलार्म गप्प करायचं हशचं बटण असतं ते दाबा, एक्झॉस्ट लावा, आणि निखारे, कोळसा घरात पेटवायचाच नाही, कार्बन मोनॉक्साइडचा खेळ जिवावर बेततो. आणि हो, सेज जाळलंच असतं तर वास थेट गांजासारखा येतो, आमच्या वरच्या मजल्यावरच्या पोरीने जाळलं तर मॅनेजरने नोटीस चिकटवली. इथे गांजा कायदेशीर, तरी बिल्डिंगमध्ये ओढायला बंदी. बिचारी सांगत होती मी घर शुद्ध करतेय, कोण ऐकतंय.

भुंगेरा (१५ सप्टेंबर)

मी एकदा झाडांच्या कामात एका कुमेयाय बाईंना हाच प्रश्न विचारला होता की भेट आलेल्या जुडीचं काय करायचं. त्या म्हणाल्या सोड दोरा आणि दे मातीला. तेवढंच. मी पुढे आणखी खोदून विचारायला लागलो तर म्हणाल्या, आता ते रोप धर नीट.

तुमच्याकडे उतार आहे म्हणालात, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नेटिव्ह प्लांट सोसायटीच्या विक्रीत रोपं मिळतात, एखादं लावून टाका. पाऊस सुरू व्हायच्या तोंडावर लावायचं, पहिला उन्हाळा थोडं पाणी, मग पाणी बंद, लाड केले की कुजतं. आणि ती 'वाळकी झुडपं' उपटण्याआधी एकदा नीट बघा, पानं कशी आहेत सांगा.

नवखी_घरमालकीण (१५ सप्टेंबर)

आत्ताच जाऊन आले. गुडघ्याच्या वर आहेत, राखाडी हिरवी, पानं एकदम दोऱ्यासारखी बारीक, वाळल्यासारखी दिसतात पण जिवंत आहेत, हाताला वास मस्त राहतो. हे सेज का? माळी शनिवारी येऊन सगळं काढणार होता!

भुंगेरा (१५ सप्टेंबर)

माळ्याला नको म्हणून सांगा!! व्हाइट सेज नाही पण ते इथलं सेजब्रश, आर्टेमिसिया कॅलिफोर्निका. काउबॉय कलोन म्हणतात गमतीने, गुराखी अंगाला चोळायचे म्हणे. उन्हाळ्यात मेल्याचं सोंग घेतं, पहिल्या पावसाला हिरवंगार होतं. आजोबांनी लावलं असेल किंवा मुळातलंच असेल, दोन्ही भारी.

ऊर्जस्विनी (१६ सप्टेंबर)

मी पण मागवणं बंद करते, घरात तीन जुड्या आहेत. पण ठोंब्या, फरक जाणवतो हे मी मागे घेणार नाही, सांगून ठेवते.

ठोंब्या (१६ सप्टेंबर)

नका घेऊ. खिडक्या उघडून, घर आवरून, मोबाइल बाजूला ठेवून माणूस पंधरा मिनिटं घरभर सावकाश फिरला तर फरक जाणवेलच, मलाही जाणवेल. माझं भांडण फक्त त्या ९४ शी.

नवखी_घरमालकीण (२६ ऑक्टोबर)

धागा वर काढतेय, अपडेट द्यायचं राहिलं होतं.

आई आली. विमानतळावरून येताना गाडीतच पहिला प्रश्न, 'ती खोली कुठली?' मी सगळं धाग्यातलं सांगत होते, पान, चोरी, कुमेयाय, तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली मला आधी चहा दे. मग संध्याकाळी मागे उतारावर गेली, सवयीने एक काडी मोडली, बोटांत चुरडली आणि थांबलीच. म्हणाली, 'हा दवणा आहे. जरा उग्र आहे, पण दवणाच.' चैत्रात जोतिबाला वाहतात तो! माझे आजोबा दरवर्षी डोंगरावर जायचे आणि येताना तिच्यासाठी दवण्याची काडी आणायचे, ती म्हणे महिनाभर पुस्तकात ठेवायची. हे मला चाळीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं तिने.

मग तिने त्या झुडपाची एक डहाळी घेतली, खोलीच्या खिडकीत पेल्यात ठेवली, खाली निरांजन लावलं आणि मला विचारलं त्या खोलीत गेलेल्या आजोबांचं नाव काय होतं. कागदावर होतं, मी वाचून दाखवलं. तिने दोन-तीनदा म्हणून बघितलं, नीट जमलं नाही, हात जोडले. जाळलं काहीच नाही. त्या रात्रीपासून ती त्याच खोलीत झोपते कारण म्हणे दुपारचं ऊन छान येतं, आणि आम्ही नवरा-बायको गेस्टरूममध्ये आहोत.

जुडी सोडून उतारावर पसरली. व्हाइट सेजचं एक रोप आणलंय, पुढच्या आठवड्यात लावू. वास्तुशांत नोव्हेंबरात ठरल्याप्रमाणे, होम अंगणात.

अलार्म दुसऱ्याच दिवशी वाजला, आईने मेथीला लसणाची फोडणी दिली म्हणून.

भुंगेरा (२६ ऑक्टोबर)

आईंना सांगा, दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स. एकाच गोत्रातले आहेत दोघं. मी सात वर्षं ते झुडूप हुंगतोय, मला नाही सुचलं हे.

आज्जीबाई_जोरात (२६ ऑक्टोबर)

आईला नमस्कार सांग. आणि तिला खोली द्या कायमची.

नुकताच_आलोय (२८ ऑक्टोबर)

छान धागा. अवांतर: आम्हीही सॅन डिएगोमध्ये घर बघतोय, रिअल्टर चांगला असेल तर नंबर मिळेल का? बास्केट नको.

नवखी_घरमालकीण (२८ ऑक्टोबर)

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.